संगणकाची आज्ञावली : कुलूपबंद आणि खुली

एखाद्या वाडीवरील द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक रात्री जागून परीक्षेची प्रश्नपत्रिका संगणकावर मराठीत टंकलिखित करतात. दुसऱ्या दिवशी ती पेन ड्राइव्हवर घेऊन ते केंद्रशाळेत येतात. तेथील संगणकावर प्रश्नपत्रिका उघडताच मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे, स्वल्पविराम आणि रिकाम्या चौकटी यांचा अर्थशून्य पसारा दिसू लागतो. कोणी म्हणतो, संगणक बिघडला. कोणी म्हणतो, व्हायरस शिरला. आणि बहुधा शिक्षक स्वतःच्याच अज्ञानाला दोष देऊन परत फिरतात. वस्तुतः यांपैकी काहीच घडलेले नसते. प्रश्नपत्रिका जशीच्या तशी शाबूत असते. ती वाचण्याची किल्ली मात्र त्या संगणकात नसते, आणि ती किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीची असते.

ही किल्ली कोणाची असावी, या एका प्रश्नावरून गेली चाळीसाहून अधिक वर्षे जगातील संगणक व्यवसायात मोठा वाद चालू आहे. एका बाजूस आज्ञावली ही आपली खाजगी मालमत्ता मानणाऱ्या कंपन्या आहेत. दुसऱ्या बाजूस आज्ञावली सर्वांना पाहता, सुधारता व वाटता आली पाहिजे असे मानणारी खुल्या स्रोताची चळवळ आहे. हा वाद दूर देशीच्या व्यापाऱ्यांचा आहे, त्याच्याशी खेड्यातील शाळेचा काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु वर सांगितलेली प्रश्नपत्रिका हाच तो संबंध होय. यास्तव या वादाचे स्वरूप प्राथमिक शिक्षकांनी समजावून घेणे अगत्याचे आहे.

आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. त्याला पायरी-पायरीने आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या संग्रहास आज्ञावली अथवा रूढ भाषेत सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहितो. तिच्यात शब्द असतात, चिन्हे असतात, अमुक झाले तर तमुक करावे अशी वाक्यरचना असते. या मूळ लिखाणाला स्रोत म्हणतात. पुढे या स्रोताचे यंत्राला कळेल अशा शून्य व एक यांच्या लांबलचक ओळींत रूपांतर केले जाते. हे रूपांतर यंत्राला चालवता येते, पण माणसाला ते वाचून मूळ लिखाण कसे होते हे सहजासहजी सांगता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षकास हा भेद आंब्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. बाजारातून हापूसची पेटी आणली, तर आंबे खाण्याचा आनंद पुरेपूर मिळतो. पण त्या आंब्याची कोय पेरून तसाच हापूस होत नाही, हे कोकणात लहान मूलही जाणते. तोच गुण हवा असेल तर चांगल्या झाडाची काडी आणून कलम बांधावे लागते. ज्याला काडी मिळाली त्याला झाड मिळाले. तो आपल्या बागेत कलमे वाढवील, शेजाऱ्याला काडी देईल, जमिनीप्रमाणे मशागतीत फेरफारही करील. यंत्राच्या भाषेतील आज्ञावली ही फळासारखी आहे. स्रोत हा काडीसारखा आहे. ज्या कंपन्या केवळ फळ विकतात आणि काडी कुलपात ठेवतात, त्यांच्या आज्ञावलीस कुलूपबंद किंवा स्वामित्वाची आज्ञावली म्हणावे. ज्या आज्ञावलीबरोबर काडीही दिली जाते ती खुली आज्ञावली होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुली म्हणजे फुकट असे नव्हे, आणि फुकट म्हणजे खुली असेही नव्हे. मोबाइलवरील कितीतरी ॲप विनामूल्य मिळतात, पण त्यांचा स्रोत कोणालाही दाखवला जात नाही. उलट खुल्या आज्ञावलीची सेवा देऊन पैसे घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. कसोटी किमतीची नसून अधिकाराची आहे. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवण्याचा, ती कशी चालते हे अभ्यासण्याचा, तिच्या प्रती दुसऱ्यास देण्याचा आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारलेली प्रत वाटण्याचा, असे चार अधिकार जेथे मिळतात तेथे आज्ञावली मुक्त मानली जाते.

वादाचा उगम

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावलीला स्वतंत्र मोल नव्हते. यंत्र प्रचंड किमतीचे असे आणि आज्ञावली त्याबरोबर येई. विद्यापीठांतील संशोधक ती एकमेकांना सहज देत. पुढे लहान संगणक निघाले आणि केवळ आज्ञावली विकून चरितार्थ चालवू पाहणारा वर्ग उदयास आला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एक संस्थापक बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. आपण श्रमाने तयार केलेली आज्ञावली लोक पैसे न देता उतरवून घेतात. असे होऊ लागले तर चांगली आज्ञावली लिहिण्यास कोण पुढे येईल, असा त्या पत्राचा आशय होता. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. श्रमाचा मोबदला मागणे हा अपराध नव्हे.

दुसऱ्या बाजूचा अनुभव निराळा होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे आज्ञावलीकार काम करीत. तेथे झेरॉक्स कंपनीचे एक नवे मुद्रणयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. कागद अडकताच सर्वांना सूचना मिळेल अशी सोय जुन्या यंत्रात त्यांनी स्वतःच केली होती. नव्या यंत्रात मात्र ती करता येईना, कारण त्याचा स्रोत मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने तो कोणास न देण्याचा करार केला होता. गोष्ट क्षुल्लक, पण तिच्यातून उद्भवलेला विचार क्षुल्लक नव्हता. जी वस्तू आपल्याजवळ आहे, जिचा दोष आपल्याला दिसतो आणि तो दूर करण्याची विद्याही आपल्याला अवगत आहे, ती केवळ कुलपामुळे आपल्याला दुरुस्त करता येऊ नये, हे त्यांना अन्यायाचे वाटले.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' या नावाने संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापिले. १९८९ मध्ये त्यांनी जो परवाना तयार केला त्याची युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. एखाद्याने मुक्त आज्ञावलीत सुधारणा करून ती इतरांस दिली, तर त्या सुधारणेचा स्रोतही त्याच अटींवर दिला पाहिजे, असे बंधन त्यात आहे. काडी फुकट घेऊन कलमे वाढवावी आणि मग बागेला कुंपण घालून इतरांस मज्जाव करावा, हे या परवान्यामुळे शक्य होत नाही.

१९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी या प्रवाहास येऊन मिळाला. संगणकप्रणालीचा गाभा त्याने स्वतःच्या हौसेखातर लिहिण्यास घेतला, २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची माहिती इतरांस कळवली आणि पुढे तो याच परवान्याखाली खुला केला. देशोदेशींच्या अनोळखी माणसांनी त्यात भर घातली. तोच आजचा लिनक्स होय. ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकले नाही असे असंख्य लोक रोज तो वापरतात, कारण बहुतेक स्मार्टफोनांवरील अँड्रॉइड प्रणालीचा गाभा लिनक्सच आहे.

व्यापारातील संघर्ष

लिनक्स केवळ हौशी लोकांपुरता राहिला असता तर मोठ्या कंपन्यांनी त्याची दखल घेतली नसती. परंतु महाजालावरील मोठमोठी यंत्रे त्यावर चालू लागली. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत खुला केला, आणि त्याच वर्षी 'ओपन सोर्स' म्हणजे खुला स्रोत हे नाव रूढ झाले. हे नाव मुद्दामच निवडलेले होते. स्टॉलमन यांचा भर स्वातंत्र्यावर होता. नव्या नावाचा पुरस्कार करणाऱ्यांनी व्यापाऱ्यांना पटेल असा भर कामाच्या गुणवत्तेवर दिला.

त्या वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची काही अंतर्गत टिपणे बाहेर फुटली. खुल्या स्रोताची ही पद्धत आपल्या व्यवसायास खरे आव्हान आहे, असे त्यांत नमूद केलेले जगास दिसले. २००१ मध्ये त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी एका मुलाखतीत लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. याच सुमारास आयबीएम या दुसऱ्या बलाढ्य कंपनीने लिनक्सवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले होते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने, लिनक्समध्ये आपल्या मालकीचा मजकूर घातला गेला असा दावा करून आयबीएमवर खटला भरला. तो वर्षानुवर्षे चालला.

दस्तऐवज कोणत्या रचनेत साठवावा, यावरूनही मोठा झगडा झाला. २००६ मध्ये 'ओडीएफ' ही खुली रचना आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपली 'ओओएक्सएमएल' ही रचना मान्यतेसाठी पुढे केली. सप्टेंबर २००७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिच्या विरुद्ध मत नोंदवले. तरीही पुढे काही बदल होऊन २००८ मध्ये तीही आंतरराष्ट्रीय मानक ठरली. सरकारी कागद शंभर वर्षांनीही वाचता आला पाहिजे, हा या झगड्याच्या मुळाशी असलेला प्रश्न शाळेच्या जनरल रजिस्टरची निगा राखणाऱ्या मुख्याध्यापकांस वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

काळाने मात्र दोन्ही पक्षांना बदलले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्स प्रतिष्ठानाची सभासद झाली आणि २०१८ मध्ये तिने खुल्या आज्ञावलींचे मोठे भांडार असलेली गिटहब ही संस्था साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. दुसरीकडे, खुल्या लिनक्सच्या पायावर उभ्या राहिलेल्या अँड्रॉइडच्या संदर्भात आपल्या देशातील स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांवर गुगलने आपली ॲप लादण्यासाठी बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला, असा ठपका होता. पाया खुला असला तरी त्यावरच्या इमारतीला कुलूप घालता येते, हे यावरून उघड होते. एक पक्ष केवळ सज्जनांचा आणि दुसरा केवळ दुर्जनांचा, अशी या वादाची मांडणी करणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

मराठी अक्षरांची कहाणी

आता आरंभीच्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला केवळ संख्या ठाऊक असते. कोणत्या अक्षरास कोणती संख्या द्यावयाची याचा तक्ता ठरवावा लागतो. पूर्वी जगभर प्रचलित असलेला तक्ता रोमन अक्षरांचा होता आणि त्यात देवनागरीला स्थान नव्हते. अशा स्थितीत मराठी छपाईची गरज भागविण्यासाठी अनेक व्यावसायिकांनी एक तोड काढली. रोमन अक्षराच्या संख्येवर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहतो. केवळ त्या विशिष्ट फाँटमुळे तो डोळ्यांना मराठी दिसतो. प्रत्येकाने आपापला तक्ता वेगळा केला. यामुळे एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचात वाचता येईना. फाँट काढला की मराठीचा मुखवटा गळून पडे आणि आतली रोमन अक्षरे दिसू लागत.

या व्यावसायिकांना सरसकट दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांमुळेच मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि सरकारी कामकाज संगणकावर आले. निर्णयसागर छापखान्याच्या काळात सुबक खिळे पाडणाऱ्या कारागिरांनी जे केले, तेच काम या मंडळींनी नव्या यंत्रावर केले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करून छपाई सुलभ करण्यासाठी दीर्घ खटपट केली होती. परंतु खिळे कोणाच्याही ओतशाळेतले असोत, कागदावर उमटलेले अक्षर सर्वांना वाचता येई. संगणकात मात्र ज्याचा खिळा त्याचेच अक्षर, अशी विपरीत अवस्था आली.

यावर उपाय खाजगी नव्हे तर समाईक तक्त्याचा होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा तक्ता १९८८ मध्ये तयार झाला व १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक संस्थेने त्याचा प्रसार केला. याच तक्त्याच्या आधारे १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीला २३०४ पासून पुढे १२८ जागा मिळाल्या. त्यात 'क' ची संख्या २३२५ आहे. 'मराठी' हा शब्द लिहिला की संगणकात २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ अशा संख्या जातात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. फाँट बदलला तरी संख्या बदलत नाहीत. म्हणून युनिकोडमधील मजकूर रत्नागिरीत लिहा आणि गडचिरोलीत उघडा, तो मराठीच राहतो.

युनिकोड ही आज्ञावली नाही, तो सर्वांना खुला असलेला संकेत आहे. आणि तो ठरविताना व्यापारात एकमेकांचे वैरी असलेल्या कंपन्या एकाच मेजाभोवती बसल्या, हे विशेष. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय आली, तिच्यातील 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी या थोर मराठी सुलेखनकारांनी घडवला होता. खुल्या बाजूनेही काम झाले. रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे फाँट खुल्या परवान्याखाली दिले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट आज कोणालाही वापरता, वाटता आणि सुधारता येतात. लिबर ऑफिस या खुल्या कार्यालयीन संचाची आणि फायरफॉक्स ब्राउझरची मराठी आवृत्ती स्वयंसेवकांच्या श्रमातून उभी राहिली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच वृत्तीचे फळ होय.

खैराटची शाळा

हा संघर्ष कोकणातील एका लहान शाळेच्या दारापर्यंत आला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथे एकशिक्षकी शाळा आहे, इतकेच तिचे वैशिष्ट्य सांगता आले असते. पण २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी एक तेथे झाला. पहिली ते चौथीची मुले एका खोलीत, शिक्षक एक, आणि प्रत्येक मुलाच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा संगणक.

हा संगणक खुल्या लिनक्सवर चाले. त्याच्या कळफलकावर एक खास कळ होती. ती दाबली की चालू असलेल्या कार्यक्रमाचा स्रोत पडद्यावर दिसावा, अशी कल्पना होती. मुलाने खेळ खेळावा आणि वाटल्यास तो खेळ कसा रचला आहे हेही उघडून पाहावे! घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाला धपाटा घालण्याऐवजी त्याच्या हाती पेचकस देण्याचाच हा प्रकार होता.

योजनेचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. शंभर डॉलरचा संगणक म्हणून गाजावाजा झाला, पण प्रत्यक्षात किंमत १८८ डॉलरपर्यंत गेली. इंटेल कंपनी स्वतःचा स्वस्त शालेय संगणक विकत होती. ती जुलै २००७ मध्ये योजनेत सामील झाली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली. मे २००८ मध्ये या संगणकावर विंडोजही देण्याचा करार झाला. त्या सुमारास योजनेतील सॉफ्टवेअरचे प्रमुख वॉल्टर बेंडर बाहेर पडले व त्यांनी 'शुगर' ही मुलांसाठीची खुली प्रणाली स्वतंत्रपणे पुढे चालवली. आपल्या केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तर २००६ मध्येच शैक्षणिक कारणांवरून ही योजना नाकारली होती. पेरू देशात ती फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तेथील ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मुलांच्या गणिताच्या व भाषेच्या गुणांत वाढ झाल्याचे आढळले नाही.

यावरून खुली आज्ञावली निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. निष्कर्ष असा की, यंत्र कोणतेही असो आणि आज्ञावली कोणतीही असो, शिकवणारा शिक्षक त्याचा स्वामी झाला नाही तर ते खेळणे ठरते. केरळ राज्याने हे वेळीच ओळखले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक योजनेत एका कंपनीच्या आज्ञावलीवर भर होता. शिक्षक संघटनांनी त्यास हरकत घेतली. पुढे राज्याने मुक्त प्रणाली स्वीकारली, शिक्षकांनाच प्रशिक्षक बनवले आणि शालान्त परीक्षेची प्रात्यक्षिके त्याच प्रणालीवर घेतली. तेथे प्रणाली बदलली ती शिक्षकांच्या बळावर, हे विसरता कामा नये.

खुल्या मार्गाच्या मर्यादा

खुल्या आज्ञावलीचा स्वीकार करताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करू नये. काही बिघडले तर जवळच्या दुकानातील दुरुस्ती करणाऱ्यास लिनक्सची माहिती असेलच असे नाही. काही जुने प्रिंटर व उपकरणे त्यावर नीट चालत नाहीत. स्रोत खुला असला तरी तो वाचू शकणारा मनुष्य गावात नसेल, तर त्या अधिकाराचा प्रत्यक्ष उपयोग मर्यादितच. सार्वजनिक विहिरीचा गाळ कोणीच उपसला नाही तर पाणी दूषित होते; तद्वत ज्या खुल्या आज्ञावलीची कोणी निगा राखत नाही ती असुरक्षित बनते.

परंतु कुलूपबंद मार्गाचेही धोके शाळांस जाणवू लागले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य बंद झाले. नवी प्रणाली अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. यंत्र धडधाकट असूनही केवळ आज्ञावलीच्या मालकाने हात काढून घेतल्यामुळे ते अडगळीत टाकण्याची पाळी येते. अशा यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली घालून ते आणखी काही वर्षे वापरता येते. सीडॅकची 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. केंद्र शासनानेही २०१५ च्या धोरणान्वये सरकारी कामात खुल्या आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे ठरवले आहे. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारे 'दीक्षा' हे व्यासपीठसुद्धा 'सनबर्ड' या खुल्या आज्ञावलीवर उभारलेले आहे.

शाळेत काय करावे?

१. नवा मजकूर नेहमी युनिकोडमध्येच लिहावा. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. भारतीय लिप्यांसाठी रचना एकच असल्याने ही विद्या वाया जात नाही.

२. जुन्या फाँटमधील प्रश्नपत्रिका, शाळेचा इतिहास, स्नेहसंमेलनाच्या संहिता, मुलांनी गोळा केलेली स्थानिक गाणी व म्हणी हे सर्व परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे. रूपांतर झाल्यावर मजकूर काळजीपूर्वक वाचावा. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांट्या व रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो. ज्या संगणकावर जुना फाँट आहे तो निकामी होण्यापूर्वीच हे काम उरकावे. फाँट गेला की मजकूर असून नसल्यासारखा होतो.

३. परवाना नसलेली कुलूपबंद आज्ञावली शाळेत वापरू नये. पैसे भरणे शक्य नसेल तर लिबर ऑफिससारखा खुला संच वापरावा. परीक्षेत नक्कल करू नये असे मुलांस सांगणाऱ्या शाळेने स्वतः चोरीची प्रत वापरणे शोभत नाही, आणि खुला मार्ग उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

४. एकदम सर्व संगणक बदलू नयेत. प्रथम एका जुन्या संगणकावर प्रयोग करावा, केंद्रातील शिक्षकांनी अनुभव एकमेकांस सांगावे, आणि मगच पुढील पाऊल टाकावे. मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठ मराठीतही आहेत. शिक्षण परिषदेच्या दिवशी त्यांतील एखादा पाठ एकत्र बसून पाहता येईल.

५. शिक्षकाने स्वतः तयार केलेली स्वाध्यायपत्रिका इतरांस देताना तिच्यावर 'वापरावी, सुधारावी, वाटावी. मूळ कर्त्याचे नाव राखावे' अशी टीप घालावी. खुल्या चळवळीचे सार या एका ओळीत आहे.

मुलांना हा विषय शिकवण्यासाठी संगणक हवाच असे नाही. चौथीच्या वर्गात एका गटाने सांकेतिक लिपी तयार करून त्यात चिठ्ठी लिहावी, पण तक्ता दुसऱ्या गटास देऊ नये. दुसऱ्या गटाची अडचण झाली की तक्ता फळ्यावर लिहावा. सर्व वर्ग चिठ्ठी वाचू लागेल. एवढेच नव्हे, तर तक्त्यातील चुकाही दाखवू लागेल. कुलूपबंद व खुले यांतील भेद पाऊण तासात मुलांच्या ध्यानी येतो.

समारोप

व्यापारी कंपन्यांची चढाओढ चालूच राहील. आज जे वैरी आहेत ते उद्या भागीदार होतील, आणि आजचे भागीदार उद्या न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहतील. त्या लढाईत शाळेने कोणाचे निशाण खांद्यावर घेण्याचे कारण नाही. शाळेने इतकेच पाहावे की, आपण लिहिलेले आपल्याला आणि आपल्यामागून येणाऱ्या शिक्षकाला वाचता येईल काय. आपल्या हातातील साधन आपल्याला समजून घेता येईल काय. आणि जे आपल्याला लाभले ते शेजारच्या वाडीवरील शाळेला देता येईल काय. ज्ञान दिल्याने वाढते, ही शिकवण या देशात नवी नाही. वार्षिक परीक्षेची ती प्रश्नपत्रिका केंद्रशाळेत मराठीतच उघडली, म्हणजे या शिकवणीचा एक लहानसा, परंतु खरा प्रत्यय आला असे समजावे.